फांगामाताला गाड्यांची वरात: तंबू कुठे ठोकायचा आणि इंजिन का तापतं

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून गाडीने साधारण दोन तासांवर कोरोमंडल नावाचं द्वीपकल्प आहे. नाव ओळखीचं वाटतं, कारण ते आपल्याकडूनच गेलेलं आहे. १८२० साली कौरी वृक्षाच्या डोलकाठ्या न्यायला ‘कोरोमंडल’ नावाचं ब्रिटिश जहाज इथे आलं होतं, आणि त्या जहाजाचं नाव आपल्या चोळमंडल किनाऱ्यावरून ठेवलेलं होतं. याच द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर फांगामाता हे छोटं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘व्हांगामाता’ म्हणावंसं वाटतं, पण माओरी भाषेत त्या अक्षरांचा उच्चार ‘फ’च्या जवळ जातो. मार्चअखेरीस बुधवार ते रविवार इथे ‘बीच हॉप’ भरतो. शेकडो हॉट रॉड आणि जुन्या अमेरिकन गाड्या गावात उतरतात आणि पोर्ट रोड या मुख्य रस्त्यावरून रमतगमत फिरत राहतात. मुलांकडे ऑकलंडला आलेल्या आई-वडिलांना शनिवार-रविवार दाखवावं असं काही शोधत असाल, तर हे जरूर दाखवा. फक्त तयारीनिशी जा.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत जे दिसतं त्याच्या हे अगदी उलट आहे. तिथे गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवण्यात भूषण असतं, इथे ती बदलण्यात. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मुरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांवर तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप, बंपर काढून वजन कमी करायची आणि इंजिन फुगवून शर्यती लावायची. १९३२ची फोर्ड त्यातली लाडकी, कारण सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन तिनेच आणलं. ते २२१ घन इंचांचं आणि ६५ हॉर्सपॉवरचं होतं. आज त्याच अरुंद बॉनेटखाली बहुधा शेव्हरोलेचं ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ बसवलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये १९३८पासून पुढे कित्येक दशकं आयातीवर परवाने होते. नवी गाडी मिळणं अवघड, म्हणून जुनीच दुरुस्त करत, जुळवत चालवायची. शेडमध्ये बसून स्वतःच्या हाताने सुटे भाग बनवण्याची इथली सवय त्यातूनच आली.

आपल्याकडे गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता अशी गाडी रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य आहे. इथे त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. बदल केलेली गाडी अधिकृत तपासनीस तपासतो आणि मग तिला एक छोटी धातूची पट्टी मिळते. इंजिन कुठलं, ब्रेक कुठले, स्टीअरिंग कुठलं, सगळे बदल त्या पट्टीवर कोरलेले असतात. प्रदर्शनात बॉनेट उघडी असेल तर ती पट्टी शोधा. मालकाने पाच मिनिटांत सांगितलं नसतं ते दहा ओळींत वाचायला मिळतं. हौशी लोकांच्याच संघटनांनी सरकारबरोबर बसून हे नियम घडवले, ही गोष्ट आपल्या मोटारप्रेमींनी नीट अभ्यासावी अशी आहे.

आता मुक्काम. या दिवसांत गावातल्या हॉलिडे पार्कमध्ये आयत्या वेळी जागा मिळेल अशी आशा धरू नका. कित्येक जण निघतानाच पुढच्या वर्षीची जागा सांगून ठेवतात. गावात नसेल तर दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवरच्या वाइहीत बघा. किनाऱ्यावर कुठेही तंबू ठोकून झोपता येत नाही. फुकट मुक्कामाच्या बहुतेक ठिकाणी फक्त प्रमाणपत्र असलेली स्वयंपूर्ण (पाणी, सांडपाणी, टॉयलेट यांची आतच सोय असलेली) गाडी चालते, आणि नव्या नियमानुसार त्या गाडीत टॉयलेट कायमचं बसवलेलं लागतं. म्हणजे तंबूवाल्यांनी पैसे भरून कॅम्पग्राउंडच गाठायचं.

जागा घेताना दोनच प्रकार असतात, वीज असलेली आणि नसलेली. विजेच्या जागेवर जाड, निळ्या रंगाचा कॅरॅव्हॅनचा प्लग असतो. घरातली साधी एक्स्टेंशन वायर तिथे चालत नाही. शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारं संरक्षण असलेली, तपासणीचा टॅग लावलेली कॅरॅव्हॅनची वायर भाड्याने किंवा विकत घ्या. तंबू माणसांच्या आकड्यापेक्षा दोनने मोठा असावा: चौघांना सहाचा. इथली जमीन वाळूमिश्रित असते, त्यामुळे तंबूबरोबर आलेल्या बोटाएवढ्या खुंट्या पहिल्याच वाऱ्यात उपटून येतात. तीस सेंटिमीटर लांबीच्या, पसरट, वाळूसाठीच्या खुंट्या घ्या. त्या नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी तिला बांधा आणि पिशवी गुडघाभर खड्ड्यात आडवी पुरा. मार्चमध्ये उष्णकटिबंधातून खाली सरकलेली वादळं या किनाऱ्यावर येतात आणि एका रात्रीत धो धो पाऊस टाकून जातात. म्हणून खोलगट, हिरवंगार दिसणारी जागा टाळा. पाणी तिथेच साचतं, म्हणून ती हिरवी असते. तंबूचं दार गाड्यांच्या वाटेकडे ठेवू नका. कार्ब्युरेटरच्या थंड इंजिनाला चोक देऊन सुरू केलं की पहिली काही मिनिटं कच्च्या पेट्रोलचा दाट धूर निघतो आणि तो जमिनीलगत रेंगाळतो. या दिवसांत साडेसातच्या आसपास उजाडतं, पण व्ही-८ त्याच्या आधीच जागे होतात. कानात घालायचे बोळे उशाशीच ठेवा.

रात्री तापमान बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरतं आणि दव भरपूर पडतं. शेगडीसाठी छोटा गॅस पुरे. उघड्यावर जाळ करायचा तर त्या दिवशी आगीवर बंदी आहे का ते आधी बघावं लागतं, आणि कॅम्पग्राउंडमध्ये तो बहुधा चालतच नाही. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत मात्र कधीही घेऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावतो. खायला पोहे, उपमा, थालीपीठ यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही: एक तवा, एक कढई, दहा मिनिटं. भाजणी पुण्याहून येणार असेल तर ऑकलंड विमानतळावर ती फॉर्मवर जाहीर करा. खाण्याचा कुठलाही जिन्नस न सांगता आणला तर जागेवर चारशे डॉलर दंड होतो. सांगून आणलेला जिन्नस तपासून बहुधा परत देतात. मध मात्र आणूच नका.

ऑकलंडहून यायला दोन वाटा. एक कोपूवरून डोंगर चढून हिकुआईला उतरणारी. २०२३च्या जानेवारीत ती अतिवृष्टीने खचली होती, आणि १२४ मीटरचा तापाराही पूल बांधून त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. दुसरी पाएरोआ, कारंगाहाके घळ, वाइही अशी नदीकाठाने येणारी. जुन्या गाडीला दुसरी सोपी पडते, कारण मोठा चढ शेवटच्या टप्प्यात येतो आणि त्याआधी वाइहीत इंजिन निववायला थांबता येतं. वाइहीत गावाच्या मधोमध सोन्याच्या खाणीचा प्रचंड खड्डा आहे, तोही बघून होतो. उतारावर आपला घाटाचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. जुने ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापून पकड सोडतात, पाय तळाला जातो आणि गाडी तशीच पुढे जाते. ऑटोमॅटिक असेल तर दांडा दुसऱ्यावर ओढा.

आता या उत्सवाचा गाभा, ती संथ फेरी. पाहणाऱ्याला वाटतं, पायी चालण्याच्या वेगाने जाण्यात काय अवघड? इंजिनासाठी यापेक्षा कठीण परीक्षा नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर का तापतो हे ज्याला कळतं, त्याला हेही कळेल. हमरस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. पोर्ट रोडवर तो वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिनाइतकाच हळू फिरतो, म्हणजे मिनिटाला सात-आठशे फेरे. त्यात १९३२चं रेडिएटर कवच उंच आणि अरुंद, पासष्ट घोड्यांसाठी बेतलेलं, आणि मागे अडीचशेच्या वर घोडे. पंख्याभोवती पत्र्याचं आवरण नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या गोलाएवढीच हवा ओढतो, जाळीचे चारही कोपरे वाया जातात. चांगल्या बांधणीत पाती आवरणाच्या निम्मी आत, निम्मी बाहेर असतात आणि जाळीपासून साधारण इंचभर लांब. प्रदर्शनात वाकून हे जरूर बघा. गाडी रस्त्यावर पळते की ट्रेलरवरून येते ते इथेच कळतं.

तापमानाचा काटा बहुधा फॅरनहाइटमध्ये असतो. १८० ते १९५, म्हणजे ८२ ते ९० सेल्सिअस, ठीक. २१०च्या पुढे सरकला की पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, तिच्या सायलेन्सरची गरम हवा तुमच्या जाळीत येऊ देऊ नका. न्यूट्रलमध्ये टाकून फेरे बाराशे-पंधराशेवर न्या, म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात फिरतील. हीटर असेल तर पूर्ण सोडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. २३०ला पोचला की रांग सोडून बाजूला घ्या आणि बंद करा. झाकण उघडायचं नाही. १५ पौंड दाबाच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू पंचवीसेक अंश सेल्सिअसने वर गेलेला असतो. झाकण फिरवताच दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. पाऊण तास थांबा. मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी घाला. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर हेडला तडा जातो.

दुसरं दुखणं थांबल्यानंतर येतं. इंजिन बंद केलं की वारा, पाणी, सगळं थांबतं आणि साठलेली उष्णता वर कार्ब्युरेटरमध्ये चढते. आतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत ठिबकतं. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली की इंजिन नुसतंच घुमतं. अशा वेळी पेडल पंप केलं की आणखी पेट्रोल जातं. पेडल तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका आणि आठ-दहा सेकंद स्टार्टर मारा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं आणि इंजिन पकडतं. पंपातच वाफ अडकली असेल तर पंपावर ओलं फडकं. पद्मिनी आणि अँबॅसिडरवाल्यांनी उन्हाळ्यात घाटात केलेला तो उपाय इथेही तसाच लागू पडतो, कारण पंप तोच, इंजिनाला चिकटून बसलेला. कायमचा इलाज म्हणजे टाकीजवळ विजेचा पंप आणि कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारी अर्ध्या इंचाची फिनॉलिक तबकडी. गाडीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरणं टाळा. जुने रबर आणि कॉर्कची पॅकिंगं त्याने फुगतात आणि मग गळतात.

डिकीत पाच लिटर पाणी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरची वरची आणि खालची नळी क्लिपांसकट, पॉइंट-कंडेन्सर (जुन्या इंजिनात ठिणगी पाडणारे सुटे भाग), फ्यूज आणि एक किलोचं कोरड्या पावडरचं अग्निशामक असावं. जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस, जाड प्लायवूडचा तुकडाही घ्या. वाळूत पंक्चर झालं तर नुसता जॅक गाडी उचलायच्या आधी स्वतःच रुततो. रात्री इंजिनाखाली तेलाचा ट्रे सरकवा. गवतावर तेल सांडलेलं कॅम्पवाल्यांना चालत नाही.

नुसते बघायला आलेल्यांसाठी: रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसायला तिकीट लागत नाही. सावली शोधून सकाळी लवकर जागा धरा. मार्चअखेरीसही इथलं ऊन चांगलंच भाजतं, पण गार वाऱ्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. गाडीला हात लावू नका, टेकू नका. जीन्सचं बटण आणि पर्सची साखळी रंगावर ओरखडा काढते, आणि तो रंग कोणीतरी महिनोन्‌महिने घासून आणलेला असतो. इंजिनाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, मालक स्वतःच दार उघडून दाखवतील. कोणी फेरीला बोलावलं तर सात वर्षांखालच्या मुलांना घेऊन बसू नका. त्यांना मान्यताप्राप्त सीट सक्तीची आहे आणि ती अडकवायची सोय या गाड्यांत बहुधा नसते. रस्त्यावर टायर जाळून धूर काढणाऱ्याची गाडी पोलीस अठ्ठावीस दिवस जप्त करतात. दारूची मर्यादा श्वासाच्या लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम, वीस वर्षांखालच्यांना शून्य. आदल्या रात्रीची सकाळी उतरलेली असेल असं गृहीत धरू नका.

रविवारी निघताना तंबू दवाने ओला असतो. वाळेपर्यंत थांबायला वेळ नसेल तर सुटा करून पिशवीत कोंबा आणि घरी पोचताच पसरा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. गाडीवरचं दव कोरड्या फडक्याने पुसू नका. त्यात खारी धूळ असते आणि ती रंगावर गोल गोल रेघा उमटवते. आधी गोड्या पाण्याची हलकी धार, मग ओलं शॅमॉय (मऊ चामड्याचं फडकं) एकाच दिशेने ओढा. घरी गेल्यावर चॅसिसच्या कप्प्यांत आणि ब्रेकच्या ड्रममागे नळीचं पाणी भरपूर मारा. समुद्राचं मीठ वरून दिसत नाही, आणि गंज तिथूनच धरतो.