तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीची नर्सरी का केली?

हळदीकुंकू असो की कुणाचं लग्न, जुन्या मुलांच्या आया भेटल्या की प्रश्न ठरलेला. "बाई, तुमची लालबागची मराठी बालवाडी किती छान होती! ती मोडून इंग्रजी नर्सरी का काढलीत?" मग बालशिक्षणातले गुरू गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक यांची नावं येतात. त्या दोघांचं वाचूनच मी या धंद्यात आले, तेव्हा ते मला कुणी ऐकवू नये.

ताराबाईंचंच घ्या. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाईंबरोबर माँटेसरी पद्धतीत, म्हणजे पोरांना साधनं हाताळून आपलं आपण शिकू देण्यात, मुरलेली बाई, पण १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर महागडी साधनं सोडून आसपास मिळतील त्या वस्तू वापरू लागली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. समाज जसा, तशी शाळा. मग मी काय वेगळं केलं?

१९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या गिरणगावात बापाचा पगार गेला, आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले. पोराला इंग्रजी आलं तर ते तरी यातून सुटेल, एवढाच त्या घरांचा हिशेब होता. तरी मी बरीच वर्षं हटून बसले. बडबडगीतं, चिंचोके, मातीकाम. पेन्सिल नाही म्हणजे नाही.

आमच्याकडची एक मुलगी इंग्रजी शाळेच्या मुलाखतीला गेली. शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी मुलाखत नको, असा राज्याचा कायदा १९९६ चा. त्यानंतरचीच ही गोष्ट. 'मुलाखत नाही, नुसती ओळख' असं सांगून बोलावलं होतं. टेबलामागच्या मॅडमनी नाव विचारलं, इंग्रजीत. पोरगी गप्प. लाल चेंडू दाखवून रंग विचारला. गप्प. मग तिला टेबलावरचा तांब्या दिसला. उठली, दोन्ही हातांनी तो धरून पेला काठापर्यंत भरला, थेंब सांडला नाही, आणि मॅडमपुढे सरकवला. आमच्याकडे रोज करायची तसंच. मॅडमनी पेला बाजूला केला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. "बाई, पाणी ओतायला मी घरीच शिकवलं असतं."

पुढच्या जूनला भिंतीवर एबीसीचा तक्ता लागला.

आता खरं सांगते. स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन गिरवताना तीन वर्षांच्या पोराचं नख पांढरं पडतं, ते मी रोज बघते. ताराबाईंनी साधनं बदलली, पण पोराच्या बोटांवर जबरदस्ती केली नाही, हे मला कळतं. तेव्हाची मी आज समोर आली तर वही हिसकावून घेईल. घेऊ दे. पण त्या आईला काय सांगायचं, ते तिलाही सुचलं नव्हतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा केला. त्या टप्प्यासाठीच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ आहे, घरची भाषा आहे. वाचून मी हसले, मग जरा रागही आला. यंदा छोट्या गटाच्या वह्या बंद करून बघितल्या. पालकसभेत पहिला हात वर झाला: "मग फी कशाची घेता?" पुढच्या आठवड्यात दोन नावं कमी झाली. मोठ्या गटाच्या वह्या तशाच आहेत.

आणि मला विचारणाऱ्यांनो, तुमची नातवंडं कुठल्या नर्सरीत आहेत, तेही कळवा एकदा.