तिच्या हाताखाली

कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत, अगदी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरसुद्धा विचारतात, "तिला तुम्हीच तयार केलंत ना? मग आता तिच्याच हाताखाली कसं जमतं?" विचारणाऱ्याला माझी कीव येत असते, आणि बाई आता काहीतरी बोलेल अशी आशाही असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जमतं.

आज माझी वरिष्ठ असलेली ही मुलगी आमच्या प्रकाशनात ऱ्हस्व-दीर्घ तपासायला आली. प्रुफाच्या खुणा चटकन शिकली. त्या कुणालाही येतात. आमच्या धंद्यात सत्ता वेगळीकडे असते. लेखकाशी फोनवर कोण बोलतं, आवृत्ती पाचशेची की तीनशेची हे कोण ठरवतं, शेवटच्या प्रुफावर 'छापावे' कोण लिहितं, तिथे. म्हणून भलेभले संपादक हाताखालच्या पोरांना व्याकरण हातचं न राखता शिकवतात आणि लेखकाचा नंबर मात्र स्वतःच्या डायरीत ठेवतात. केस पांढरे झाले तरी श्रेयनामावलीत 'साहाय्य' एवढंच मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

एका निवृत्त मास्तरांच्या आठवणी 164 पानांवर गेल्या होत्या. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, सोळा पानांचा, दहा फर्मे म्हणजे 160. वरच्या चार पानांसाठी वेगळा तुकडा छापा, बाइंडिंगला वेगळा जोडा. मी टाइप जरा बारीक करा म्हणत होते. तिने मनोगत पुढ्यात ठेवलं. पाच पानं नुसते आभार. "काकू, यात अख्खी वाडी आहे. मी बोलू त्यांच्याशी?"

मी नंबर दिला. मास्तर आधी तडकले, मग तिचं आजोळ कुठलं ते विचारून झालं, आणि आभार एका पानात बसले. पुढच्या पुस्तकाच्या वेळी मास्तरांनी फोन तिलाच केला. पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू? पण नंबर द्यायचा आणि वर लेखकाने मलाच विचारावं म्हणायचं, हे कसं चालेल?

तिला पुढे जायचंच होतं, आणि ते ती लपवत नव्हती. मुलग्यात याला धडाडी म्हणतात.

भांडणं होतात. गणपतीत आमच्याकडे प्रेसवाल्यापासून चित्रकारापर्यंत कुणी हाताला लागत नाही, त्यामुळे दिवाळी अंकाची बरीचशी पानं त्याआधीच कोल्हापूरला छपाईला जायला हवीत. त्याच धांदलीत तिने माझ्या एका जुन्या मित्राची कथा परत केली. म्हणाली, "शेवटची चार पानं नुसती ओढलीयेत." मला ते आजही पटलेलं नाही. पण नकाराचा फोन तिने माझ्यावर ढकलला नाही, स्वतः केला, आणि त्याच्या शिव्याही खाल्ल्या.

पगार? हो, तिचा जास्त आहे. रात्री अकराला रॉयल्टीवरून चिडलेल्या लेखकांचे फोनही तीच घेते.