कोकम सरबताला लादीचाच बर्फ हवा

कोकम सरबतात कोणी फ्रीजच्या ट्रेमधले चौकोनी खडे टाकून दिले की माझा अर्धा मूड तिथेच जातो. सरबत चांगलंच असतं, गार पण असतं, पण खडे आपले वर तरंगत राहतात, वरचा घोट पाणचट लागतो, तळाशी पाक बसलेला असतो आणि चावायला जावं तर नुसता दगड. कोकम सरबताला लादीचा फोडलेला बर्फ हवा, गोणपाटात गुंडाळून वरून बत्त्याने ठोकलेला. त्यात सुपारीएवढे काही तुकडे येतात, बाकी चुरा आणि थोडी भुकटी. भुकटी पेल्यात पडल्या पडल्या विरघळते आणि पाक सैल करते, चुऱ्याने सरबत झटक्यात गार होतं, आणि मोठे तुकडे शेवटच्या घोटापर्यंत दाताखाली यायला शिल्लक राहतात. एकसारख्या खड्यांना हे जमत नाही.

बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळूनच. एक ग्रॅम बर्फाचं पाणी होताना तो आजूबाजूची साधारण 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणजे गारवा पाहिजे तर थोडं पाणी पेल्यात येणारच, प्रश्न फक्त किती आणि किती वेळात. चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून तो पटकन गार करतो आणि पटकन संपतो. अमृत कोकम, आवळा, करवंद हे सगळे साखरेचे घट्ट पाक, त्यांना ते पाणी लागतंच, म्हणून तिथे चुरा बेस्ट, फक्त सरबत कालवताना पाणी हात राखून घालायचं. लिंबू-सोड्याला मात्र चुरा अजिबात नको, इतक्या खडबडीत कडांवर गॅसचे बुडबुडे धडाधड सुटतात आणि अर्ध्या ग्लासातच सोडा मरतो. तिथे एकच मोठा, गुळगुळीत तुकडा.

आता लादी. आमच्या रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे गेलात तर बर्फ कसा वापरला जातो ते दिसतं, लाद्या उतरतात, क्रशरमध्ये जातात आणि खालून चुरा धबाधबा होड्यांच्या खणात. लादी बनते ती पत्र्याच्या उंच डब्यांत, ते डबे शून्याच्या बऱ्याच खाली नेलेल्या खाऱ्या पाण्यात बुडवलेले असतात, मिठामुळे ते पाणी स्वतः गोठत नाही आणि डब्यातलं गोड पाणी बाहेरून आत गोठत जातं. पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही, ती आत आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध अडकते. म्हणून लादी मोडली की कडेला काचेसारखा स्वच्छ बर्फ आणि मध्ये पांढरा गाभा, त्यात सुईसारख्या बारीक बारीक रेषा. तो पांढरा भाग ठिसूळ असतो, टोच्या लावला की भुगा, त्याचा चुरा करायचा आणि कडेचे स्वच्छ तुकडे सोड्यासाठी बाजूला काढायचे, मी तरी असंच करते. पण एक महत्त्वाचं, मासळीचा बर्फ पेल्यात चुकूनही घालू नका, त्याच्या पाण्याचा भरवसा नसतो. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा असा नियम आहे तो ह्यासाठीच. तरी रंगावर विसंबू नका, घेताना खायचाच बर्फ आहे ना हे विचारून घ्या, मी दर वेळी विचारते.

किनाऱ्यावर आकाराचा एवढा विचार का करायचा तर आपली हवा. मे महिन्यात ओसरीवर गार पेला ठेवला की दोन मिनिटांत त्याला घाम, खाली टेबलावर तळं. तो घाम म्हणजे हवेतली वाफ पेल्यावर येऊन पाणी झालेली, आणि वाफेचं पाणी होताना भरपूर उष्णता बाहेर पडते, इतकी की पेल्यावर जमलेल्या एक ग्रॅम घामाने आतला सातेक ग्रॅम बर्फ वितळू शकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघा हवामानशास्त्रज्ञांनी 2013 साली गार कॅन घेऊन हे मोजून दाखवलं होतं, दमट उकाड्यात गार पेय तापवण्यात आजूबाजूच्या गरम हवेपेक्षा ह्या घामाचाच हात मोठा असू शकतो. म्हणजे देशावर, कोरड्या उन्हात जो खडा निवांत टिकतो तो आपल्याकडे तसा टिकणारच नाही. पातळ स्टीलचा पेला इथे सगळ्यात वाईट, दुहेरी भिंतीचा टंबलर असेल तर तो काढा, त्याला बाहेरून घामच येत नाही.

स्वच्छ बर्फ घरी करता येतो आणि करून बघाच. थर्माकोलचा छोटा खोका घ्या (मासळीचा नको, नवा), त्यात बसेल असा प्लास्टिकचा डबा, पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. बाजूने आणि खालून थंडी लागत नाही, त्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत येतं आणि हवा तळाकडे ढकलली जाते. साधारण एका दिवसाने, तळाचं पाणी अजून पाणी असतानाच काढायचं, वरचा ठोकळा आरपार दिसतो. लगेच फोडायला जाऊ नका, नाहीतर वेड्यावाकड्या चिरा जातात. बाहेर राहू द्या, वरचं धुरकट दव जाऊन ठोकळा चकचकीत ओला दिसायला लागला की दातेरी सुरीने एक रेघ ओढायची, सुरी त्या रेघेत धरायची आणि पाठीवर लाटण्याने हलकेच ठोकायचं. टक् असा आवाज येतो आणि सरळ दोन तुकडे, मला तो आवाज फार आवडतो.

सोलकढीत बर्फ नको म्हणजे नको. नारळाच्या दुधातली चरबी 24 अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागते, बर्फ टाकला की वर पांढरे कण जमतात, ओठाला तेलकट थर लागतो आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, चव पाण्यात जाते. गार हवीच असेल तर वाढायच्या थोडं आधी पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, बास. शहाळ्यात पण नको, त्या पाण्याची गोडी मुळात एवढी हलकी की जराशा पाण्याने मरते. काहीजण आगळाचेच खडे करायला बघतात पण त्यात मीठ इतकं असतं की घरच्या फ्रीझरमध्ये घट्ट होतच नाही, मऊ लगदा राहतो. तो लगदा चमच्याने खरवडून साध्या सोड्यात घाला, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड, भारी लागतो!

गोळ्याचा बर्फ ही वेगळीच जात, उलट्या रंध्यावर लादी घासून निघणारा भुरभुरीत कीस. कैरीच्या पन्ह्यावर असा कीस डोंगरासारखा रचून देतात ना, तसं मला गुळाचं पन्हं सगळ्यात आवडतं, ढवळायचं नाही, बाजूने हळूहळू पन्हं आत झिरपू द्यायचं आणि चमच्याने खायचं. घरी किसणीवर पण होतं, फक्त किसणी आधी फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर पात्यावरच निम्मं पाणी.

आणि ट्रेच वापरायचा असेल तर झाकणवाला घ्या. आपल्या फ्रीझरमध्ये बांगडे, कोळंबी काहीतरी असतंच, उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास ओढून घेतो आणि मग लिंबू सरबत कितीही चांगलं करा, पहिल्याच घोटाला कळतं.