पोट लाल होतं का?

माझ्या फुलपाखरांच्या वहीतली पहिली नोंद आहे ‘गोल्डन बर्डविंग’. ठिकाण सावंतवाडी, घरामागची पाणंद. वेळ सकाळी साडेनऊ. ती नोंद मी खोडलेली नाही, बाजूला शिसपेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे. गोल्डन बर्डविंग हे उत्तराखंडापासून ईशान्य भारतापर्यंतच्या डोंगरांतलं फुलपाखरू. ते सावंतवाडीच्या पाणंदीत दिसणं म्हणजे कुडाळच्या बाजारात याक दिसण्यासारखं. मी पाहिलं होतं ते आपल्या सह्याद्रीतलं सदर्न बर्डविंग. काळे पुढचे पंख, मागचे सोनेरी पिवळे, आणि वरून एखादा छोटा पक्षी जावा तसं माडांच्या शेंड्यांवरून संथ तरंगत जाणं.

चूक का झाली ते सांगते. बँकेतली बदली घेऊन इथे आले, तेव्हा पुण्याच्या एका प्रदर्शनातून तीस टक्के सवलतीत घेतलेलं एक पुस्तक सोबत होतं. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, आणि त्यात सगळ्या भारतातली फुलपाखरं. मी ते लग्नाच्या स्थळांचे फोटो चाळावेत तसं चाळायची. डोक्यात एक चेहरा, समोर फोटो, जुळला की संपलं. फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलेला प्रदेश वाचायचा असतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

गावातल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांना मी मोठ्या अभिमानाने वही दाखवली. सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. “आधी कुठे सापडतं ते बघावं, मग कसं दिसतं ते,” एवढंच म्हणाले. मग गंमत म्हणून एक गोष्ट सांगितली. भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू कोणतं, याची चुरस या दोघांतच आहे. १९३२ पासून १९० मिलिमीटर पंखविस्ताराच्या सदर्न बर्डविंगकडे तो मान होता. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंगच्या एका मादीने १९४ मिलिमीटर भरून तो हिसकावला. म्हणजे माझी चूक निदान मोठ्या घराण्यातली होती.

दुसरं पुस्तक घेताना मी शहाणी झाले होते. दुकानात उभी राहून तीन पुस्तकं उघडली आणि तिन्हींत एकच फुलपाखरू काढलं, ग्रास ब्लू. नखाएवढं, अंगणातल्या गवतात रोज दिसणारं. ही ब्लू मंडळी बसली की बहुतेक वेळा पंख मिटून बसतात. वरचा निळा रंग उडताना क्षणभर चमकतो, आणि ओळखायचं असतं ते पंखांच्या खालच्या बाजूवरच्या ठिपक्यांवरून. तरीही एका पुस्तकात फक्त वरची बाजू होती, तीही पंख ताणून टाचणीला लावल्यासारखी. ते लगेच बाजूला ठेवलं. दुसऱ्यात दोन्ही बाजू होत्या, पण नर-मादी वेगळे दाखवले नव्हते. तिसऱ्यात नर, मादी, वरची बाजू, खालची बाजू, पावसाळी रूप, कोरड्या ऋतूतलं रूप, खाद्य वनस्पती असं सगळं होतं. फोटो लहान होते. तेच घेतलं.

ते आयझॅक किहिमकरांचं, २०१६ सालचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) पुस्तक. सर स्वतः फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांचं २००० सालचं ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ वापरतात. त्यात फक्त द्वीपकल्पीय भारतातल्या जाती आहेत, म्हणजे हिमालयातली गर्दी आपोआप बाहेर. नवख्याला तेच बरं, असं त्यांचं ठाम मत. मला ते आता पटतं. पण माझं पुस्तक आधीच घेऊन झालं होतं, म्हणून मी वेगळा उपाय केला. एका पावसाळी रविवारी पुस्तकाची अनुक्रमणिका घेऊन बसले आणि पश्चिम घाटात सापडणाऱ्या प्रत्येक जातीपुढे हिरव्या पेनाने टिंब दिलं. अख्ख्या भारतात तेराशेच्या वर जाती आहेत, पश्चिम घाटात साधारण सव्वातीनशेच्या वर. एका रविवारात शेकडो उमेदवार बाद झाले. मग सहा कुळांसाठी सहा रंगांच्या चिकटपट्ट्या पानांच्या कडेला लावल्या. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या खुणा तर मी पोथीलापण केल्या नाहीत.”

त्या पट्ट्यांचा उपयोग कळायला एक पावसाळा गेला. फुलपाखरू दिसलं की मी आधी नाव शोधायची. आता आधी घराणं शोधते. शेपटी आहे आणि फुलावर बसूनही पंख फडफडतायत? स्वॅलोटेल. पांढरं-पिवळं? व्हाइट्स आणि यलोज. बसल्यावर सहाऐवजी चारच पाय दिसतात? ब्रश-फुटेड, कारण त्यांचे पुढचे दोन पाय आखडलेले असतात. नखाएवढं आणि पंख मिटलेलं? बहुधा ब्लू. जाड अंग, मोठे डोळे, टोकाशी आकड्यासारख्या मिशा आणि बाण सुटल्यासारखं उडणं? स्किपर. या स्किपरांतल्या तपकिरी स्विफ्ट मंडळींबद्दल मी काही बोलणार नाही. वहीत त्यांच्यासाठी ‘तपकिरी, सोडून दिलं’ असा वेगळा रकाना आहे आणि तो सगळ्यात लांब आहे.

पुस्तकातली संक्षिप्त रूपं हा आणखी एक अडथळा. यूपीएफ, यूएनएच वाचून मला आधी बँकेचे फॉर्म आठवायचे. यूपी म्हणजे वरची बाजू, यूएन म्हणजे खालची. एफ म्हणजे पुढचा पंख, एच म्हणजे मागचा. एवढं कळलं की निम्मं पुस्तक उघडतं. ग्रास यलोंचं उदाहरण घ्या. टाकळ्यावर भिरभिरणारी ती सगळी पिवळी फुलपाखरं एकाच साच्यातली वाटतात. पण पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या लांबट भागात, कॉमन ग्रास यलोला दोन खुणा असतात आणि थ्री-स्पॉटला तीन. म्हणजे पंख मिटून बसेपर्यंत थांबा, मग वाका, मग मोजा. एकदा गडग्याशी अशीच वाकून उभी असताना शेजारच्या काकूंनी हाक मारली, “काय गो, काय पडला तुझा थंय?” काही पडलेलं नव्हतं, पण तोवर फुलपाखरू उडालं होतं.

इंग्रजी नावांची मात्र मौज आहे. कमांडर, सार्जंट, लस्कर, बॅरन, नवाब, राजा. ब्रिटिश लष्करातल्या कुणीतरी जेवणाच्या टेबलावर बसून बारसं केल्यासारखी. मराठी नावं आता रुळू लागली आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याचं नीलवंत किंवा राणी पाकोळी. मी वहीत दोन्ही लिहिते, पण सरांशी बोलताना इंग्रजीच येतं. सवय.

मोबाइलवरचं ॲप वापरून पाहिलं. स्पष्ट फोटो असेल तर ते बरं सांगतं. पण फोटो हलला असेल तरी तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं, आणि तिथे माझं आणि त्याचं बिनसलं. आमच्या अंगणात ग्रास ब्लूच्या चार तरी जाती असू शकतात. त्यातल्या टायनीला पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, अगदी पुढच्या कडेवर, बारीक ठिपके असतात. माझ्या धूसर फोटोत कडाच नव्हती, तरी ॲपने नाव दिलंच. आता मी आधी फोटो काढते, मग घरी येऊन पुस्तक, आणि शेवटी ॲप. पकडायचा प्रश्नच नाही. काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, आणि तसंही पंखांवरची भुकटी बोटाला लागली की मला गुन्हा केल्यासारखं वाटतं.

ऋतूंनी मला सर्वांत जास्त फसवलं. जुलैत मांगरात संध्याकाळी दिव्याजवळ एक तपकिरी फुलपाखरू यायचं. पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन, हे जमलं. जानेवारीत फणसाखालच्या पाचोळ्यात एक वाळकं पान उडालं आणि पुन्हा पान होऊन बसलं. डोळे जवळजवळ नाहीतच, कडा पानासारखी कोनेरी, मधोमध शिरेसारखी रेघ. मी तीन आठवडे त्याला वेगवेगळ्या घराण्यांत शोधत होते. तेही कॉमन इव्हिनिंग ब्राऊनच निघालं, कोरड्या ऋतूतलं. पुस्तकात दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी होती. मी फक्त पहिलं पाहून पान उलटत होते.

नकला करणाऱ्यांचं प्रकरण याहून अवघड. रुईच्या झुडपांवर प्लेन टायगर असतं, नारिंगी, संथ, बिनधास्त. रुईचं विष त्याच्या अंगात असतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी विषारी नसूनही हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. फरक मागच्या पंखात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायला वरच्या कडेशी एकच. हे मी पाठ केलं आणि लगेचच्या रविवारी आंबोलीच्या वाटेवर एक एगफ्लाय ओळखलं. त्या दिवशी घरी येऊन सर्वांना आयतं जेवण बाहेरून मागवलं.

म्हणून त्यानंतर जे झालं ते जरा लागलं. आमच्या कढीलिंबावर दरवर्षी सुरवंट येतात. आधी पक्ष्याची शीट पडल्यासारखे दिसतात, मग मोठे होऊन हिरवेगार. डिवचलं तर डोक्यामागून दोन लाल शिंगं काढतात आणि वास सोडतात. सासूबाईंचा त्यांच्यावर राग, कारण फोडणीला पानं उरत नाहीत. तडजोड म्हणून मी एक सुरवंट फांदीसकट बरणीत ठेवला, वर जाळीचं कापड बांधलं. कोष झाला. पुढच्या पंधरवड्यात एका सकाळी बरणीत काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरा पट्टा, कडेला लालसर चंद्रकोरी.

मी म्हटलं, कॉमन रोझ! पण कॉमन रोझ कढीलिंबावर अंडी घालत नाही. त्याला सापसंदची वेलच लागते, आणि तिच्यातूनच त्याला विष मिळतं. पुस्तक उघडलं. ही कॉमन मॉरमॉनची मादी होती. या जातीच्या माद्या तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझची नक्कल, एक क्रिमझन रोझची. कोणती मादी कसा वेश घेणार हे डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर ठरतं, हे कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. ओळखायची खूण साधी. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, नक्कल करणारीचं काळं.

बरणीचं कापड काढून ती जास्वंदीकडे उडेपर्यंत मी बघत राहिले. मग वही काढली. तीन वर्षांत ‘कॉमन रोझ, अंगण’ अशा अकरा नोंदी होत्या. वेळ, हवा, कोणत्या फुलावर होतं, सगळं नेटकं लिहिलेलं. अंगाचा रंग फक्त एका नोंदीत, ‘पोट लाल’. उरलेल्या दहांपुढे मी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. आमच्या परसात सापसंद नाही, पण गडग्यापलीकडे काकूंच्या कुळागरात असू शकते. उद्या विचारायला जाणार आहे.