काळी सुटली की सोडली

परवा मुंजीत मठ्ठा वाढता वाढता दादा म्हणाला, "अरे, तो पोरांना सोडायचाच. स्वभावच तसा त्याचा." आणि पुढच्या पानाकडे सरकला. 'तो' म्हणजे पूल खेळणारा आमचा पुण्याचा नावाजलेला माणूस, आणि 'सोडायचा' म्हणजे मुद्दाम हरायचा. मी एकदा त्याला हरवलं होतं. विषय कुणी काढला होता ते आता आठवत नाही. हल्ली तो परत टीव्हीवर दिसायला लागलाय, त्यावरून निघाला असेल. माझ्या पानातली जिलबी तशीच राहिली.

दादाने टोमणा मारला नाही, हे मला कळतं. त्याला वाटतं की मला हे आधीपासून माहीतच आहे. तेच जास्त लागलं.

डेक्कनच्या त्या पूल पार्लरमधली रात्र मी इतक्यांदा सांगितली आहे की घरात सगळ्यांना पाठ झालीय. भिंतीवर 'पैसे लावून खेळू नये' अशी पाटी, तिच्याखालीच सगळे पैसे लावायचे. तो नुकताच दौऱ्यावरून परतला होता. पोरं भिंतीला चिकटून उभी. त्याने सहज विचारलं, कोण खेळणार? मी पुढे झालो. पाचशे रुपये, हरणाऱ्याने टेबलाचेही द्यायचे. शेवटी त्याची फक्त काळी, म्हणजे सगळ्यात शेवटी टाकून डाव जिंकायचा तो काळा बॉल, उरली होती, तीही मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, आणि माझे तीन बॉल टेबलावर. त्याने मारली. काळी पॉकेटच्या तोंडात खडखडली आणि बाहेर आली. मी तिन्ही बॉल टाकले, मग काळी टाकली. त्याने नोट काढून माझ्या हातात ठेवली, टेबल सांभाळणाऱ्या मार्करकाकांना टेबलाचे दिले, माझ्या पाठीवर थाप मारली.

हरलो असतो तर त्या महिन्यात मेस बंद झाली असती. बाबांना हे कधीच सांगितलं नाही. ते जाऊ दे.

दोन दिवस एकच डोक्यात फिरतंय, काळी सुटली की त्याने सोडली? पैसे लावून खेळण्यात मला एक गोष्ट फार आवडायची. समोरचा मनापासून खेळतोय याची खात्री पैशाने मिळते. फुकटच्या खेळात कुणीही कुणाला मोठेपणा देऊ शकतो. पण त्या रात्री आकडा दोघांचा सारखा असला तरी पाचशे रुपये माझ्यासाठी जेवण होतं आणि त्याच्यासाठी काहीच नव्हतं. मग ती खात्री कुठून आणायची?

बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनबरोबर खेळलेल्यांचा मला हेवा वाटतो. 1992 मध्ये कोर्टात त्याने 57,000 डॉलरचा चेक जुगारात हरलेल्या पैशांचा असल्याचं कबूल केलं, आधी तो उसने दिले म्हणत होता. तोच जॉर्डन सामन्याआधी सुरक्षारक्षकांबरोबर नाणी भिंतीच्या दिशेने टाकायचा खेळ खेळायचा. त्यातला एक रक्षक जिंकला आणि जॉर्डनचीच खांदे उडवायची लकब त्याने त्याला करून दाखवली. ते चित्रीकरण मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्या रक्षकाला पुढे कुणी म्हणू शकलं नसेल की तुला जिंकू दिलं, कारण चिल्लर नाण्यांवरसुद्धा जॉर्डन कुणाला काही सोडणारा नव्हता. आमचा माणूस दिलदार, सगळं पुणं सांगतं. त्याच्या दिलदारपणाने माझी एकुलती एक रात्र नेली, असं परवापासून वाटतंय. रडू आलं नाही, पण जवळपास आलं.

खेळ लपवणं या जगात नवीन नाही. फिलिपिन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेस 1985 मध्ये ह्यूस्टनच्या रेड्स या पूल हॉलमध्ये सेझार मोरालेस या नावाने उतरला होता, कारण अमेरिकेत त्याचं नाव पोचलेलं होतं, चेहरा पोचला नव्हता. आमच्या माणसाचा चेहरा पानपट्टीवाल्यालाही माहीत. लपवायचाच झाला तर त्याला फक्त खेळ लपवता आला असता. पण पैशासाठी लपवणारे थोडं हरतात आणि मग डाव दुप्पट करतात. त्याने दुप्पट केला नाही. तो फक्त म्हणाला, "अजून एक?" मी नाही म्हणालो. होस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती.

सोडणाऱ्याने "अजून एक" कशाला म्हणावं?

काल रात्री स्नूकर खेळाडू विली थॉर्नचा तो जुना सामना लावला. 1985, प्रेस्टन, यूके चॅम्पियनशिपची फायनल. स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध थॉर्न 13-8 पुढे होता आणि निळा बॉल आपल्या ठरलेल्या जागी, सोपा होता. सरावात 147 चे, म्हणजे एका खेळीत मिळू शकणाऱ्या सगळ्यात जास्त गुणांचे, इतके ब्रेक केलेला माणूस की त्याला मिस्टर मॅक्झिमम म्हणायचे. निळा हुकला, आणि डेव्हिसने सामना 16-14 ने नेला. सोपा बॉल खराखुरा हुकतो, अशा माणसाचाही हुकतो, हे बघून छातीवरचं जरा उतरलं. याच थॉर्नला पुढे कळलं की स्नूकर खेळाडू जॉन पॅरटच्या हातात त्याची नेहमीची क्यू, म्हणजे खेळायची काठी, नाही. त्याने पॅरट हरणार म्हणून 38,000 पौंड लावले आणि त्याच सामन्याचं समालोचन करायला बसला. पॅरट जिंकला. आतली खबर असलेला जाणकारही इतका चुकू शकतो. दादाकडे तर कसली खबरही नव्हती, नुसता एक स्वभाव होता.

मग आज दुपारी चिमूबरोबर कॅरम खेळताना हात थांबला. राणी माझ्यासाठी तोंडाशी होती आणि मी स्ट्रायकर मुद्दाम कडेला मारला. नेहमी मारतो. तिला कळत नाही, असं मी धरून चालतो. ती इतकी खूश झाली की मी पुढचा डावही तसाच खेळलो. सोडताना माझ्या मनात तिला कमी लेखणं नव्हतं. मला तिचा तो चेहरा पाहायचा होता. त्याने माझा पाहिला असेल तर पाहिला असेल. स्लीपर घातलेला, क्यू घट्ट धरलेला पोरगा होतो मी. राग धरण्यासारखं त्यात काही नाही, हे मी आज मान्य करतो.

तरी एक गोष्ट दादा कधीच सांगत नाही. ज्याने काळी मारायची तो पांढरा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटला होता. चिकटलेल्या पांढऱ्याचा वरचा थोडासा भागच क्यूला मिळतो, जरा इकडेतिकडे लागलं की नेम गेला. काळी तोंडाशी होती म्हणून सगळ्यांना शॉट सोपा दिसला. मी टेबलाशी होतो. दादा दाराशी उभा होता, आणि मध्ये निम्मं होस्टेल.

शनिवारी दादा आणि वहिनी जेवायला येतायत. पांढरा कुठे होता, एवढंच त्याला विचारणार आहे. आठवत असेल तर पुढचं बोलू.