घंगाळाच्या तोंडावर

दुपारचं जेवण झालं की मी पेपर दुसऱ्यांदा वाचतो. सकाळी पुढाऱ्यांचं वाचून झालेलं असतं, दुपारी मागच्या पानांवरची माणसं भेटतात. परवा तिथं सोनेतारण कर्जाच्या लिलावाची जाहिरात सापडली. शाखेचं गाव आणि त्यापुढं नुसते खात्यांचे नंबर, मुंगीएवढ्या टायपात. नाव एकाचंही नाही. सोन्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांना दागिने विकण्याआधी दोन पेपरांत अशी जाहिरात द्यावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. कर्ज फिटून काही उरलं तर ते कर्जदाराला परत करायचं असतं. मी सगळे नंबर वाचून काढले. का, ते विचारू नका.

लिलावाचं मला नवल वाटतं. तिथं भाव फक्त वर चढतो. आपण नांदेडकर भाव खाली ओढण्यात वाढलेली माणसं. समोरच्यानं हजार म्हटलं की आपल्या तोंडातून आपोआप सहाशे निघतात. वस्तू चारशेची असली तरी निघतात, आणि मग आपणच आपल्यावर चिडतो.

त्यात वस्तू जुनी असली की घासाघीस अवघड होते. नव्या मालाला छापील किंमत असते, त्यावर भांडता येतं. जुन्या मालाला काय? पितळ असेल तर खाली मोडीचा भाव आणि वर नव्याचा, मधल्या सगळ्या मोकळ्या रानात दोघांनी धावायचं. जुना दागिना असला की घडणावळ कुणी धरत नाही, वर घट कापतात. त्यामुळं शहाणा माणूस तोंड उघडण्याआधी मोडीचा दर विचारून येतो. मी विचारत नाही. विचारला की खेळच संपतो असं मला वाटतं. घरच्यांना तसं वाटत नाही.

आपल्याकडं गहाणाचं दुकान म्हणून निराळं नसतं. सराफ असतो, तोच आतल्या खोलीत सावकारी करतो. 2014 च्या कायद्यानं व्याजाचे दर ठरवून दिलेत. तारण असेल तर शेतकऱ्याला वर्षाला 9 टक्के, इतरांना 15. लोक मात्र अजून ‘शेकडा किती’ असंच विचारतात, आणि तो हिशेब वर्षाचा नसतो, महिन्याचा असतो. 2015 मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं माफ केली, तेव्हा काही गहाण घरी परतलं. ज्याच्या सावकाराकडं परवानाच नव्हता, त्याचं राहिलं तिथंच.

जुनी वस्तू घ्यायला आमचे आबा एकदा असेच तालुक्याच्या शेटजींकडं गेले होते. मी सोबत होतो, पेढ्याच्या आशेनं. धाकट्या आत्याला शिलाई मशीन हवी होती आणि शेटजींकडं कुणाचं तरी न सुटलेलं गहाण आलं होतं. आबांचा सगळा अनुभव बैलांचा. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या जनावरांच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. शब्द म्हणजे तरी काय, बोटं. तिथं भाव बोलायचा नसतो. हातावर रुमाल टाकायचा, आत एकमेकांची बोटं दाबायची. दशक की शतक हे दोघांना ठाऊक असतं, भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. दोन माणसं गप्प उभी, चेहरा मख्ख, आणि रुमालाखाली महाभारत.

तर आबांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, चाक फिरवून पाहिलं, पाय-पट्टी दाबली. मग खांद्यावरचं उपरणं काढून शेटजींच्या हातावर टाकलं आणि आत हात घातला.

शेटजींनी उभ्या आयुष्यात बैल विकलेला नव्हता. ते दचकले. “काय झालं आबा? चक्कर येतीय का?” असं म्हणून त्यांनी पोऱ्याला पाणी आणायला पिटाळलं. आबांनी बोटं पुन्हा दाबली. शेटजींनी दुसऱ्या हातानं आबांचा दंड धरला आणि त्यांना गादीवर बसवलं. दुकानात दोन बाया बसलेल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि शेटजींनी सांगितला तो भाव एका शब्दानं कमी न करता मोजून दिला.

परतताना एसटीत मी विचारलं, “आबा, कमी का नाही केलं? तुम्ही तर बाजारात कुणाला ऐकत नाही.” आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “अरे, मशीन तिथंच होती की. तिच्यासमोर तिला खोटी कशी म्हणू? बैलासमोर कधी बोललो का मी?”

पेढा मिळाला नाही.

आमचे आण्णा, म्हणजे आबांचा मुलगा, त्यांनी याच्यावर आपला तोडगा काढला. दुकानदार सांगेल तो भाव द्यायचा आणि घरी येऊन त्यातले पाव कमी सांगायचे. आई खूश, दुकानदार खूश. आईला सगळं कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं. तीही आपल्या साड्यांचे भाव असेच सांगायची.

मागच्या महिन्यात मी सराफ्यात एका दुकानी न सुटलेल्या गहाणातलं पितळी घंगाळ बघायला गेलो. हल्ली त्यात आंघोळीचं पाणी कुणी काढत नाही, दारात ठेवून पाकळ्या टाकतात. बायकोच्या मैत्रिणीकडं आहे, म्हणजे आमच्याकडंही हवं. मालक म्हणाला, “साहेब, असा घाट आता मिळायचा नाही. ठोक्याचं काम आहे, हात लावून बघा, जाडी बघा.” मी नेहमीप्रमाणं सुरू झालो. कडी हलतीय. बुडाला पोचे आलेत. इथं झाळ मारलेली दिसती.

बोलता बोलता घंगाळ आडवं केलं तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. नाव झिजून गेलेलं. पुढचं वाचता येत होतं: मामाकडून, 1971.

गहाण कधी पडलं, कोण जाणे. बहात्तरच्या दुष्काळातच पडलं असेल असं नाही. पण एकाहत्तर वाचलं की आपल्या भागातला माणूस मनातल्या मनात एक वर्ष पुढं सरकतोच, त्याला इलाज नाही. आणि मग मला दुसरंच दिसायला लागलं. हे घंगाळ ज्यानं आणलं असेल, तो याच गल्ल्यापुढं उभा राहून म्हणाला असेल, शेट, जाडी तर बघा, ठोक्याचं काम आहे. आणि गल्ल्यावर तेव्हा जो कुणी बसला असेल, ह्याचा बाप म्हणा, आजा म्हणा, तो म्हणाला असेल, कडी हलतीय, बुडाला पोचे आहेत. म्हणजे गल्ल्यावरून तेव्हा जे बोललं गेलं तेच आज मी बोलत होतो, फक्त काउंटरच्या ह्या बाजूनं. घंगाळानं ते सगळं एकदा ऐकलेलं होतं.

मी गप्प झालो. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक बिथरलं. त्यानं आपण होऊन भाव खाली आणला. मी तरी गप्पच. त्यानं आणखी आणला. “भवानीची वेळ आहे साहेब, आता नाही म्हणू नका,” म्हणाला. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

घंगाळ दारात आहे. कितीला पटलं ते मात्र सांगत नाही. घरी एक आकडा सांगून बसलोय, इथं दुसरा छापला गेला तर पंचाईत.