तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसचं नेटवर्क स्लो का आहे?

जिन्यात, जेवताना, रजेवर असताना फोनवरसुद्धा एकच प्रश्न. आणि पाठोपाठ सल्ला: ‘इंटरनेटचा मोठा प्लॅन घे की!’ अहो, तुमची फाइल पलीकडच्या खोलीतल्या सर्व्हरवरून येते. ती इंटरनेटवर जातच नाही. प्लॅन दुप्पट करा, ती तितकीच रखडेल. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. ते मेगाबिट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. आठाने भागा, साडेबारा उरतात, तेही कागदावर.

चिडतो मी, कबूल. पण चिडण्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

हिशेबाच्या फाइली उघडायला मिनिटं लागायची. मी सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहिलं. १ मिलिसेकंदाच्या आत उत्तर. ‘नेटवर्क ठणठणीत आहे, तुमचे पीसी जुने झालेत,’ असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. तक्रारी थांबेनात, म्हणून केबली बदलल्या, त्यांच्या टोकांचं क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टर दाबून बसवणं, पुन्हा केलं. शेवटी भांडून नवा मॅनेज्ड स्विच (सगळ्यांच्या केबली जिथे जोडतात ती पेटी, प्रत्येक जोडणीचे आकडे दाखवणारी) मंजूर करून घेतला. तो लावला त्या दिवशी सगळे भोवती उभे. फाइल तशीच रखडली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

रात्री थांबून स्विचच्या एकेका पोर्टचे, म्हणजे जोडणीचे, आकडे काढले. सर्व्हरचा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच बाजूने बोलायचं, आणि लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरींचा, आकडा डोळ्यांदेखत वाढतोय. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड मात्र ‘१०० फुल’वर बांधलेलं: वेग १०० एमबीपीएस, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं. बांधलं कोणी? मीच, दोन वर्षांपूर्वी. ऑटो म्हणजे दोन्ही टोकं वेग आणि डुप्लेक्स आपापसात ठरवतात. एका टोकाचं ऑटो बंद केलं की दुसऱ्या टोकाला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स कळत नाही. मग ते हाफ धरून चालतं. म्हणजे एक जण वाट्टेल तेव्हा बोलतो, दुसरा शांततेची वाट बघतो, आणि मधेच टक्कर. इवलासा पिंग त्यातून निसटतो, मोठी फाइल अडकते. कार्ड परत ऑटोवर टाकलं. दोन क्लिक. लिंक थेट गिगाबिटवर, म्हणजे शंभराच्या दहापट वेगावर, गेला.

‘हाताने सेट केलं की पक्कं’ हे मी शिकलो होतो, आणि जुन्या कार्डांच्या काळात ते अगदीच खोटं नव्हतं. पण मग लिहून का नाही ठेवलंस? तेव्हाचा मी म्हणेल, वेळ कुठे होता? नव्हताच. तरीही. साहेबांना मी ‘सेटिंगमध्ये गडबड होती’ एवढंच सांगितलं. कोणाची, ते नाही. स्विच तसाही जुनाच झाला होता, असं मी अजून म्हणतो.

तर आता पुन्हा स्लो आहे म्हणता. कोपऱ्यातल्या टेबलाचा लिंक १०० वर आलाय. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. एखादी तार तुटली असेल, केबल बदलतो. बाकीच्यांचं? सर्व्हरची डिस्क असावी, असा अंदाज आहे. अंदाज तेव्हाही होताच.